टास्क मॅनेजरमध्ये हे कोण बसलंय?

वाचकाचं पत्र, थोडं आटोपतं करून :

‘नमस्कार. मानेवाड्याला माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे. सध्या ॲडमिशनचा सीझन, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेअर यांची सकाळपासून रांग. आणि नेमका पंधरा दिवसांपासून कॉम्प्युटर हँग होऊन राहिला. पंखा तर इतका घरघरतो की बाजूचा झेरॉक्सवाला विचारून गेला. माझा भाचा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने टास्क मॅनेजर (चालू असलेल्या प्रोग्रॅमची यादी) उघडला, तर त्यात “सर्व्हिस होस्ट” साठ-सत्तर वेळा! “मावशी, एवढे कशाला पाहिजे?” म्हणून तो एकेक बंद करत सुटला आणि निळी स्क्रीन येऊन मशीन रिस्टार्ट झाली. दुसऱ्या दिवशी त्याने “आरडी सर्व्हिस” लिहिलेलं काहीतरी बंद केलं, तर अंगठ्याचं मशीन चालेना. “अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल” सगळ्यात जास्त ताकद खातं, म्हणून तेही काढून टाकू म्हणतो. मी बाकीची नावं कागदावर उतरवून घेतली. त्यात एक “scvhost” आहे (स्पेलिंग असंच दिसलं). भाचा म्हणाला, हे विंडोजचंच आहे, शून्य टक्के खाऊन राहिलं, राहू दे. एनीडेस्कही दिसलं, ते प्रिंटरच्या वेळी फोनवरच्या माणसाने टाकायला लावलं होतं. एक गोष्ट विचित्र वाटते. टास्क मॅनेजर उघडला की थोड्या वेळात पंखा शांत होतो, बंद केला की पुन्हा सुरू. सीताबर्डीचा रिपेअरवाला म्हणतो, फॉरमॅट मारावा लागेल, विंडोज नवीन टाकून देतो, ८०० रुपये. यातलं काय ठेवू, काय काढू? आणि हो, महिन्याभरापूर्वी एका ओळखीच्या केंद्रवाल्याने पासपोर्ट फोटो कापायचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर दिलं होतं. ते टाकताना अँटीव्हायरस बंद करावा लागला. त्याचा याच्याशी काही संबंध असेल का?’

ताई,

निकाल आधी सांगतो, कारणं मागून. साठ-सत्तर सर्व्हिस होस्ट विंडोजचेच आहेत, त्यांना हात लावू नका. आरडी सर्व्हिस तुमच्या अंगठ्याच्या मशीनची आहे, तिच्याशिवाय केंद्र चालायचं नाही. अँटीमालवेअरवालं म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर. एनीडेस्क हे दुरून दुसऱ्याचं मशीन चालवायचं खरं सॉफ्टवेअर आहे, पण तुमच्याकडे त्याचं काम संपलंय, काढून टाका. आणि भाच्याने ज्याला सोडून दिलं, ते ‘एस-सी-व्ही-होस्ट’? त्याच्यासाठी हे वाचून होताच मशीनची नेटची वायर काढा, वाय-फाय असेल तर तेही बंद करा. रांगेतल्या लोकांना उद्या यायला सांगा.

म्हणजे पोराने सज्जनांना धरलं आणि ज्याला धरायचं त्याला सोडलं. त्याला रागावू नका. निकाल लावायला त्याने दोनच गोष्टी बघितल्या, नाव काय आणि किती टक्के खातं. नेमक्या याच दोन गोष्टींवरून काही ठरत नाही.

नावाचं आधी बघू. विंडोजच्या खऱ्या फाइलचं नाव एस-व्ही-सी-होस्ट. तुमच्या कागदावर ‘व्ही’ आणि ‘सी’ची अदलाबदल आहे. घाईत वाचणाऱ्याचा डोळा पहिलं आणि शेवटचं अक्षर टिपतो, मधलं मन भरून काढतं, आणि हे नाव ठेवणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं. दुसरी एक युक्ती याहून बेरकी आहे. विंडोजमध्ये लॉगिन आणि पासवर्ड सांभाळणारी ‘एलसास’ नावाची प्रक्रिया, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, असते, तिचं पहिलं अक्षर स्मॉल एल. त्याजागी कॅपिटल आय टाकला तर बऱ्याच फाँटमध्ये दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, भिंग लावून बघितलं तरी. आणि काही जण एवढीही मेहनत घेत नाहीत, अगदी बिनचूक स्पेलिंगची फाइल भलत्याच फोल्डरात ठेवून देतात. नागपुरात ‘सावजी’ची पाटी कोणीही लावू शकतो, तसंच हे. पाटी वाचून आत कोण रांधतंय ते कळत नाही.

मग खरे सर्व्हिस होस्ट इतके का? विंडोजची कितीतरी कामं, म्हणजे अपडेट, नेटवर्क, आवाज, घड्याळ जुळवणं, अशा स्वरूपात लिहिलेली असतात की ती स्वतःहून चालू शकत नाहीत. त्यांना चालवणारा एक यजमान लागतो, तो हा सर्व्हिस होस्ट. पूर्वी एकाच होस्टमध्ये पाच-दहा कामं कोंबलेली असत, त्यामुळे एक कोसळलं की सोबतची सगळी आडवी होत. २०१७ मध्ये विंडोज १० ची १७०३ ही आवृत्ती आली. तेव्हापासून मशीनमध्ये साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असेल, तर बहुतेक कामांना स्वतंत्र होस्ट मिळतो. म्हणजे साठ-सत्तर दिसणं ही मशीन धड असल्याची खूण. यातले काही होस्ट विंडोजला इतके आवश्यक असतात की ते मारले तर ती पुढे चालायलाच नकार देते. तुमची निळी स्क्रीन त्यातूनच आली. नुकसान काही झालेलं नाही, पण एखाद्याचा अर्ज अर्धा भरलेला असता तर तो गेला असता.

आता तपासायचं कसं, ते एकदा हाताने करून बघा. म्हणजे पुढच्या वेळी भाच्याचीही गरज नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर छोटासा उघडला तर खाली ‘मोअर डिटेल्स’ दाबा. वर ‘डिटेल्स’ नावाचा टॅब आहे, तिथे जा. आता यादीच्या मथळ्यावर, म्हणजे जिथे ‘नेम’, ‘स्टेटस’ लिहिलंय त्या पट्टीवर, राइट क्लिक करून ‘सिलेक्ट कॉलम्स’ घ्या. त्यात ‘इमेज पाथ नेम’ आणि ‘कमांड लाइन’ या दोन चौकटींवर टिक करा. नंतर ‘नेम’वर एकदा क्लिक केलं की यादी अक्षरानुसार लागते.

खऱ्या सर्व्हिस होस्टच्या ओळी एकाखाली एक येतील आणि पत्ता सगळ्यांचा सारखा असेल : सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम३२. क्वचित ‘सिसवाउ६४’ असं फोल्डर दिसेल, तेही विंडोजचंच. शेजारच्या कमांड लाइनमध्ये पत्त्यानंतर एक आडवी रेघ आणि ‘के’, आणि पुढे गटाचं नाव. हे ‘के’ म्हणजे कोणत्या गटाचं काम चालवायचं याची सूचना. खऱ्या होस्टला ती लागतेच, तोतयाच्या ओळीत सहसा नुसता पत्ता असतो. काही ओळींत पत्ता रिकामा दिसला तर घाबरू नका. साध्या अधिकाराने उघडलेल्या टास्क मॅनेजरला विंडोज सगळंच दाखवत नाही. आता यादीत थोडं वर, ‘एस-सी’ने सुरू होणाऱ्या नावांत, तुमचा पाहुणा शोधा आणि त्याचा पत्ता वाचा. माझा अंदाज : सी ड्राइव्ह, युझर्स, तुमचं नाव, ॲपडेटा, रोमिंग आणि पुढे कसलंतरी अर्थहीन नावाचं फोल्डर. विंडोजचं म्हणवणारी फाइल तुमच्या वैयक्तिक फोल्डरात राहत असेल तर विषय तिथेच संपला.

पण हे उलटं लावू नका. ॲपडेटात दिसलं म्हणजे चोर, असं नाही. वनड्राइव्ह बऱ्याचदा तिथून चालतो, झूमही तिथेच बसतो. कारण तिथे प्रोग्रॅम टाकायला ॲडमिनची परवानगी लागत नाही. प्रामाणिक कंपन्यांना ते सोयीचं पडतं आणि चोरांनाही. उलट डिफेंडरची मुख्य फाइल सिस्टिम३२ मध्ये नसून ‘प्रोग्रॅमडेटा’ नावाच्या फोल्डरात असते, म्हणून ती खोटी ठरत नाही. एखादी गोष्ट जिथली आहे असं सांगते तिथलीच आहे का, एवढंच बघायचं.

पत्त्यानंतर सही. त्या ओळीवर राइट क्लिक, ‘ओपन फाइल लोकेशन’, मग फाइलवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’. तिथे ‘डिजिटल सिग्नेचर्स’ असा टॅब असेल तर त्यात कंपनीचं नाव दिसतं. नावावर क्लिक करून ‘डिटेल्स’ दाबलं की सही वैध आहे की नाही तेही कळतं. यात एक खोच आहे, तिला बरेच जाणते फसतात. विंडोजच्या स्वतःच्या अनेक फाइलींना हा टॅबच नसतो, कारण त्यांच्या सह्या एका वेगळ्या कॅटलॉग फाइलमध्ये ठेवलेल्या असतात. तेव्हा सिस्टिम३२ मधल्या फाइलला टॅब नाही, म्हणून ती बनावट असं समजू नका. हे नीट बघायचं असेल तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं ‘प्रोसेस एक्सप्लोरर’ फुकट मिळतं. त्यात ‘व्हेरिफाय इमेज सिग्नेचर्स’ चालू केलं की कॅटलॉगमधल्या सह्याही तपासून प्रत्येकासमोर ‘व्हेरिफाइड’ लिहून येतं. कोणी कोणाला सुरू केलं तेही त्यात झाडासारखं दिसतं. खरे सर्व्हिस होस्ट ‘सर्व्हिसेस’ या एकाच प्रक्रियेच्या पोटी असतात. तुमचा पाहुणा तिथे नसेल.

सहीवर मी बऱ्यापैकी भरवसा ठेवतो, पूर्ण नाही. २०१७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ‘सीक्लीनर’ या लोकप्रिय सफाई सॉफ्टवेअरची ५.३३ ही आवृत्ती कंपनीच्या अधिकृत जागेवरून, कंपनीच्या वैध सहीसकट, आत घातक कोड घेऊन लाखो मशीनवर गेली होती. असं रोज होत नाही. पण सही म्हणजे माल कोणाचा एवढाच दाखला, चारित्र्याचं प्रमाणपत्र नव्हे.

आता टक्के. तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य पंख्याचं आहे. टास्क मॅनेजर उघडला की शांत, बंद केला की सुरू. मी आधी उन्हाचा विचार केला होता. नागपूरचा मे-जून, पारा ४५ च्या आसपास, टेबलाखाली कोंबलेला डबा, आत वर्षभराची धूळ. अशा मशीनचा प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून आपणच वेग कमी करतो आणि सगळं रांगायला लागतं. उन्हाळ्यात ‘व्हायरस आला’ म्हणून येणाऱ्या पत्रांपैकी बऱ्याच जणांना मी आधी ब्लोअर मारायला सांगतो. पण टास्क मॅनेजर उघडा आहे की बंद, हे उन्हाला कळत नाही. ते कळतं एका विशिष्ट जातीच्या प्रोग्रॅमला. तुमच्या प्रोसेसरवर दुसऱ्यासाठी क्रिप्टो-चलनाची आकडेमोड करत बसणारे चोरटे मायनर असतात. त्यातले काही टास्क मॅनेजर उघडताच काम थांबवतात आणि शून्य टक्क्यावर साळसूद बसून राहतात. भाच्याला दिसलेलं शून्य बहुधा हेच.

तिकडे डिफेंडर मात्र प्रामाणिकपणे घाम गाळताना दिसतो. तो प्रत्येक उघडणारी फाइल तपासतो, आणि तुमच्याकडे दिवसभर स्कॅन, पीडीएफ, फोटो यांचा पाऊस. त्यात जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा रकाना वारंवार शंभरवर जाऊन बसतो. याचा इलाज डिफेंडर काढणं नव्हे, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, टाकणं. दुकान चालवणाऱ्यांना जुन्या मशीनसाठी मी यापेक्षा चांगला खर्च सुचवू शकत नाही.

आरडी सर्व्हिसबद्दल थोडं सविस्तर, कारण हा प्रश्न मला केंद्रवाल्यांकडून वारंवार येतो. आरडी म्हणजे रजिस्टर्ड डिव्हाइस. आधारच्या पडताळणीसाठी यूआयडीएआयचा, म्हणजे आधार देणाऱ्या प्राधिकरणाचा, नियम आहे की अंगठ्याचं यंत्र नोंदणीकृत हवं आणि ठसा एन्क्रिप्ट होऊनच, म्हणजे सांकेतिक रूपात, पुढे गेला पाहिजे. ते काम ही सर्व्हिस करते. ती मशीन सुरू होताच सुरू होते, कुठलीही खिडकी दाखवत नाही, अधूनमधून यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरशी बोलते आणि तुमच्याच मशीनवर ११,१०० ते ११,१२० यातल्या एका पोर्टवर (प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायचा क्रमांकाचा दरवाजा) कान देऊन बसते. ब्राउझरमधलं पोर्टल त्या पोर्टवर विचारतं, ‘यंत्र तयार आहे का?’ नवख्याने ही लक्षणं वाचली तर तो छातीठोकपणे व्हायरस म्हणेल. लपून चालतं, आपोआप सुरू होतं, नेटवर बोलतं, पोर्ट उघडतं! म्हणूनच पत्ता आणि सही बघायची. ही फाइल ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये यंत्राच्या कंपनीच्या फोल्डरात असायला हवी. एक मात्र पाळा : आरडी सर्व्हिसचा ड्रायव्हर यंत्राच्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. केंद्रवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारी झिप फाइल नको, पाठवणारा कितीही ओळखीचा असला तरी.

ओळखीवरून एनीडेस्ककडे येतो. पत्ता बरोबर, सही बरोबर, व्हायरस स्कॅनमध्ये स्वच्छ. सगळ्या परीक्षा पास, तरीही मी काढा म्हणतो. प्रिंटरवाल्या माणसाने ते कायमचं इन्स्टॉल करून त्यात पासवर्ड ठेवला असेल, तर तुम्ही ‘ॲक्सेप्ट’ न दाबताही त्याला तुमच्या मशीनवर येता येतं. दुपारी तुम्ही जेवायला गेलात, पोर्टल लॉगिन उघडंच आहे, अशा वेळीसुद्धा. तो माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण तुमच्याकडे लोकांची आधार कार्डं आणि बँक पासबुकं आहेत, आणि किल्ली कोणाकडे राहिली हे तुम्हाला आठवतही नाही. अशाच दूरस्थ ताब्यातून लोकांच्या खात्यातले पैसे जाऊ लागले, तेव्हा फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना एनीडेस्कचं नाव घेऊन सावध केलं होतं. मदतीसाठी लागलं तर त्या वेळी टाका, काम झालं की ‘सेटिंग्ज’मधल्या ‘ॲप्स’मधून काढा. तेव्हा प्रक्रिया खरी आहे का, एवढं विचारून भागत नाही. ती इथे कोणाच्या बोलावण्यावरून आली, हेही विचारावं लागतं.

नेमका हाच प्रश्न फोटो कापायच्या सॉफ्टवेअरला विचारा. तुम्ही शेवटी ‘आणि हो’ म्हणून लिहिलंत, पण मला मुळाशी तेच दिसतं. एस-सी-व्ही-होस्टच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘क्रिएटेड’ची तारीख बघा. ती पेनड्राइव्ह लावल्याच्या दिवसाची निघाली तर आणखी पुरावा नको. अँटीव्हायरस बंद करायला लावणारं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा क्रॅक केलेलं, म्हणजे परवान्याचं कुलूप फोडलेलं, असतं. ते अनेकदा जाता जाता आणखी एक उद्योग करून ठेवतं. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये ‘मॅनेज सेटिंग्ज’, आणि अगदी खाली ‘एक्सक्लूजन्स’. ही अशी यादी आहे की इथे लिहिलेल्या जागी डिफेंडर बघतच नाही. तुम्ही स्वतः काही टाकलेलं नसेल तर ती रिकामी असायला हवी. तिथे ॲपडेटा किंवा अख्खा सी ड्राइव्ह लिहिलेला दिसला, तर डिफेंडर चालू असूनही गेला महिनाभर आंधळा होता असं समजा. त्या नोंदी काढा.

भाचा यावर म्हणेल, नाव गुगलवर टाकून बघू ना. जरूर टाकावं, पण पहिले निकाल जपून वाचावेत. नाव कोणतंही टाका, ‘ही फाइल धोकादायक असू शकते, आमचं क्लीनर डाउनलोड करा’ असं सांगणारी पानं हजर असतात. विंडोजच्या प्रत्येक फाइलसाठी त्यांनी एकेक पान बनवून ठेवलंय. आणि फॉरवर्ड झालेल्या सल्ल्याने तर लोकांनी स्वतःच्या हाताने विंडोज बिघडवलंय. २००२ मध्ये एक ईमेल जगभर फिरली : तुमच्या मशीनमध्ये टेडी बेअरचं चित्र असलेली एक फाइल सापडली तर तो व्हायरस आहे, ताबडतोब डिलीट करा आणि सगळ्या ओळखीच्यांना कळवा. फाइल खरोखर सापडायची, कारण ती मायक्रोसॉफ्टचीच होती, जावा तपासण्याच्या कामाची. अस्वल मात्र खरंच होतं तिच्यावर. लोकांनी भराभर डिलीट केली आणि पुढे पाठवली.

खात्री करायचा बरा मार्ग म्हणजे व्हायरसटोटल. सत्तरच्या आसपास अँटीव्हायरस एकाच वेळी त्या फाइलबद्दल मत देतात. प्रोसेस एक्सप्लोररमधूनच ही तपासणी चालू करता येते. त्यात फाइल न जाता तिचा फक्त ठसा, म्हणजे हॅश जातो. एखाद-दुसऱ्या अपरिचित अँटीव्हायरसने लाल केलं तर त्यावरून निकाल देऊ नका, वीस-तीस जणांनी केलं तर शंकाच नको. मात्र अगदी ताजा माल कोणालाच माहीत नसतो, तेव्हा शून्य आलं म्हणूनही निर्धास्त होऊ नका. आणि तिथे लोकांचे दाखले किंवा आधारच्या पीडीएफ कधीही चढवू नका. चढवलेली फाइल तिथे इतर सुरक्षा कंपन्यांनाही उपलब्ध होते.

आता तुम्ही काय करायचं. वायर काढलीच असेल. फोनवरून (त्या मशीनवरून नव्हे) केंद्राच्या पोर्टलचा, ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदला. ईमेलमध्ये ‘सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट’ असा पर्याय असतो तोही दाबा, कारण काही चोर पासवर्ड न घेता उघडं लॉगिनच उचलून नेतात. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड फुटले असंच धरून चाला. मायनर सोबत आणखी काय घेऊन आला असेल, हे आपण बाहेरून सांगू शकत नाही. ज्या कार्यालयाने तुम्हाला केंद्राचं लॉगिन दिलं त्यांना एक मेल टाकून ठेवा, म्हणजे पुढे तुमच्या नावाने काही भलतं झालं तर तुम्ही आधीच कळवलं होतं याची नोंद राहील. खात्यातून पैसे गेल्याचं दिसलं तर बँकेच्या रांगेत उभं न राहता आधी १९३० वर फोन करा.

मग विंडोज सिक्युरिटीतच ‘स्कॅन ऑप्शन्स’मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ निवडा. मशीन रिस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, पंधराएक मिनिटं लागतात. त्या वेळी पाहुणा जागा नसतो, त्यामुळे त्याला लपता येत नाही. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही फुकट सफाई साधनं आहेत, तीही चालतील. पण तुमच्या बाबतीत स्कॅन मी निदानासाठी करायला सांगतोय, इलाजासाठी नाही. घरच्या मशीनवर मी साफ करून पुढे चला म्हटलं असतं. जिथे रोज परक्या माणसांची कागदपत्रं जातात, तिथे ‘बहुधा गेला’ एवढ्यावर मी थांबणार नाही.

म्हणजे रिपेअरवाल्याचा फॉरमॅट शेवटी बरोबरच निघाला. तपासल्याशिवाय सांगितला, तरी. ८०० रुपयेही गैर नाहीत, फक्त तो टाकणार ती विंडोज कुठली, हे विचारा. खिशातल्या पेनड्राइव्हवरून ‘ॲक्टिवेटर’ (परवान्याशिवाय विंडोज चालू करणारा प्रोग्रॅम) मारून देणार असेल तर हात जोडा. तो ॲक्टिवेटरही अँटीव्हायरस बंद करायला लावतो आणि आपण पुन्हा जिथे होतो तिथे. मशीन घेताना विंडोज सोबत आली असेल तर तिचा परवाना बहुधा मदरबोर्डशी जोडलेला आहे, नवीन टाकल्यावर नेट लावताच ती आपोआप ॲक्टिवेट होते. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ८ जीबी किंवा मोठ्या पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर बनवता येतो, आणि भाच्याचा हात इथे उपयोगी पडेल. त्याच्या लॅपटॉपवर बनवायला सांगा. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेव्हा मशीन पेलत असेल तर ११ च टाका. एसएसडी बसवायची असेल तर याच खेपेला, दोनदा खोलायला नको.

बॅकअप घेताना फक्त कागदपत्रं आणि फोटो उचला. कुठलाही सेटअप, कुठलीही ‘ईएक्सई’, म्हणजे प्रोग्रॅमची फाइल, नको, आणि फोटोवालं सॉफ्टवेअर तर मुळीच नको. एका पानावर आठ पासपोर्ट फोटो बसवायचं काम फुकट आणि कायदेशीर सॉफ्टवेअरमध्येही होतं. फक्त पहिले दोन दिवस हात अडखळेल. नवीन विंडोजवर रोजच्या कामासाठी ‘स्टँडर्ड’ खातं बनवा, ॲडमिनचा पासवर्ड वेगळा ठेवा. आणि फाइल एक्सप्लोररमध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ दिसतील असं करा. गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हवरची ‘मार्कशीट.पीडीएफ’ खरोखर पीडीएफ आहे की शेवटी ‘.ईएक्सई’ लपलंय, हे तेव्हाच दिसतं.

ज्या केंद्रवाल्याने पेनड्राइव्ह दिला त्यालाही फोन करा. त्याचं मशीनही पंख्यासकट असंच घरघरत असेल आणि तो उन्हाला दोष देत असेल.

ऑफलाइन स्कॅन संपल्यावर ‘प्रोटेक्शन हिस्ट्री’मध्ये सापडलेल्या चोराचं नाव येईल. त्याचा फोनने फोटो काढून मला पाठवा, म्हणजे त्याने पासवर्ड नेले असतील का हे नीट सांगता येईल. फोटो फक्त त्या चौकटीचा काढा. मागे एखाद्याचा अर्ज उघडा असेल तर आधी तो बंद करा.